सासूची मंजुरी

जाऊबाई म्हणतात, माझा राग कायम नाकावर असतो. साफ खोटं. नाकावर चष्मा असतो, राग जरा त्याच्या वर असतो. त्या रविवारी सकाळी तर राग घरातच नव्हता, कारण माझी साइट चालू झाली होती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी एकटीच खिदळत होते, आणि नवरा दात घासता घासता दोनदा बाहेर डोकावून गेला होता.

झालं होतं असं, की मी ज्या छापखान्यात पानं लावायचे तो बंद पडला आणि मी वेबसाइट बांधायला शिकवणाऱ्या वर्गात नाव घातलं. तिथल्या मॅडम एक फ्रेमवर्क शिकवतात. फ्रेमवर्क म्हणजे घराचा तयार सांगाडा. भिंती, नळ, वायरिंग सगळं त्यांचं, आत राहणारी माणसं आपली. "नुसतं वाचून ते येत नाही," मॅडम म्हणाल्या, "एक सोशल नेटवर्किंग साइट बांधा, बांधता बांधता येईल. जिची चालेल तिला मी माझ्या कंपनीत घेते."

इकडे सासूबाईंचं वेगळंच चाललं होतं. आमचं बटणं, दोरे, लेस असं शिवणसामानाचं दुकान आहे, थोरले दीर ते बघतात. काउंटरवरची मुलगी सोडून गेली आणि सासूबाईंची नजर माझ्यावर पडली. "घरात बसून त्या डबड्याशी बोलतेस, त्यापेक्षा दुकानात बसून माणसांशी बोल. महिनाअखेरपर्यंत तुझं ते चाललं तर ठीक, नाहीतर काउंटर."

नवऱ्याकडे बघितलं तर म्हणाला, "आई म्हणते तर..." हा माणूस दवाखान्यात एक्स-रे काढतो. दिवसभर लोकांच्या आतलं बघतो आणि बायकोच्या आतलं काही दिसत नाही! बटणांशी माझं वैर नाही हो. पण स्क्रीनवर आपण लिहिलेली ओळ खरोखर काहीतरी करते, तेव्हा पोटात जे गुदगुल्या झाल्यासारखं होतं, ते मला आयुष्यात आणखी कशाने झालं नव्हतं. आणि हातातोंडाशी आलेलं ते सुख मी लेस मोजण्यासाठी सोडणार नव्हते.

साइटचं नाव ठेवलं 'गोतावळा'. मॅडमच्या उदाहरणात सगळे एकमेकांचे 'मित्र' असतात. मित्र! आमच्या घरात कोण कुणाचा मित्र आहे? मी तो शब्द उडवला आणि तिथे नाती घातली. समोरच्याला निरोप पाठवायचा, तो आपला कोण लागतो ते निवडायचं, त्याने होकार दिला की नातं जुळलं. सासूबाईंनी एक अट घातली. "सुना काय टाकतात ते आधी मला दिसलं पाहिजे. घरातलं चव्हाट्यावर नको." म्हणून मी नियमच करून टाकला, ज्याला साइटवर सासू आहे त्याची पोस्ट सासूच्या मंजुरीशिवाय कुणाला दिसणार नाही. सासूबाई खूश झाल्या. माझा काय, हात चालत होता, जे मागाल ते बांधत होते.

आदल्या दिवशी जाऊबाईंना बसवून सगळं तपासलं. मी त्यांची जाऊ, त्या माझ्या जाऊ. एकदम चोख! जाऊबाईंनी टाळी दिली, आणि रविवारी, महिन्याच्या अगदी शेवटच्या दिवशी, सकाळी मी अख्ख्या घराला निरोप पाठवले. सासूबाईंना 'सासू' म्हणून, नवऱ्याला 'नवरा' म्हणून, नणंदेला 'नणंद', तिच्या मुलाला 'भाचा'. धडाधड होकार यायला लागले. मी खुर्चीतच नाचले.

पहिला फोन भाच्याचा. चांगला दाढी-मिशीवाला बाप्या आहे. "मामी, इथे लिहिलंय की तू माझा भाचा आहेस."

"काय?"

"'तुमचा भाचा', आणि वर तुझा फोटो. ये गं सुट्टीत राहायला, मामा खाऊ देईल."

मी त्याला वेड्यात काढणार, तेवढ्यात आतून नवरा आला, एका हातात ब्रश, एका हातात फोन. फोनवर 'तुमचा नवरा' असं ठळक अक्षरात, आणि त्याखाली लाल साडीतली मी. त्याने एकदा फोनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पदर सावरल्यासारखं करत लाजून म्हणाला, "अहो, ऐकलंत का?"

मी इतकी हसले की ठसका लागला.

"मग आजपासून डबा कुणी भरायचा?" तो म्हणाला.

"बायकोनेच. तो बघा ओटा."

नणंदेचा फोन आला तेव्हा ती आधीच हसत होती. तिच्याकडे मी नणंद झाले होते. "वहिनी, आता कुणी कुणाला छळायचं?" मी म्हटलं, "आळीपाळीने." मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ती किंचाळलीच, "अगं, म्हणजे आईची तू सासू! चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे ऐकलं होतं, तू तर दोघींचे एकाच दिवशी आणलेस!"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. हाय रे कर्मा! मॅडमच्या उदाहरणातली एक ओळ मी जशीच्या तशी उचलली होती. ती ओळ सांगते, की इकडून जे आहे तेच तिकडून धर. मैत्रीला ते चालतं, मी तुझी मैत्रीण तर तू माझी. पण सासूची सासू कशी होईल? आणि तपासायला मी कुणाला घेतलं, तर जाऊबाईंना! दोन्हीकडून सारखंच असलेलं नातं नेमकं मला सापडलं. सगळ्या घरात अक्कल वाटायला निघाले होते, आणि स्वतःच आपटले.

सासूबाई पलीकडच्या खोलीत फोन घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. "बिघडलं ना? मी म्हटलंच होतं," त्या तिथूनच ओरडल्या. मग फोनवर टकटक करत काहीतरी लिहायला लागल्या. ती टकटक मला आवडली नाही.

जरा वेळाने त्यांचा आवाज घरभर घुमला. "अगं, हे काय? 'तुमची पोस्ट सासूच्या मंजुरीसाठी थांबली आहे'! माझी सासू जाऊन जमाना झाला! आता ती कुठून मंजुरी देणार?"

नवरा तोंडावर टॉवेल धरून भिंतीला टेकला. मीही हसतच स्क्रीनकडे वळले. थांबलेली पोस्ट माझ्यासमोर होती. 'सर्वांना कळवण्यात आनंद होतो की उद्यापासून आपल्या दुकानाच्या काउंटरवर धाकटी सूनबाई बसेल.' खाली दोन बटणं, 'मंजूर' आणि 'नाकार'.

माझं हसू जागच्या जागी विरलं. मला न विचारता! आणि तेही माझ्याच साइटवर, मी रक्त आटवून बांधलेल्या! वर 'आनंद होतो'! कुणाला होतो आनंद?

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "तुझ्याकडे अडकलंय वाटतं. कर मंजूर."

"कोण सांगतंय?"

"तुझी सासू सांगतेय."

"इथे मीपण तुमची सासू आहे, आई."

नवऱ्याने ब्रश परत तोंडात घातला. त्याचे दात केव्हाच घासून झाले होते.

खोटं कशाला बोलू, या घरात आल्यापासून मी त्यांना तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. रागावले होते, भांडी आपटली होती, जाऊबाईंपाशी तोंड सोडलं होतं. पण नाही म्हटलं नव्हतं. मी 'नाकार' दाबलं. लगेच चौकट उघडली, 'कारण लिहा'. ती चौकट मीच केली होती आणि विसरूनही गेले होते. मी लिहिलं, 'सुनेला विचारलेलं नाही. तिला दुकानात बसायचं नाही. तिला हे काम येतं आणि मनापासून आवडतं.'

सासूबाईंच्या हातातला फोन वाजला. त्यांनी तो लांब धरून मोठ्याने वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत.

"हे तोंडाने का नाही बोललीस?"

"काम आवडतं ते बोलले होते. तुम्ही म्हणालात, बरं बरं, आधी कपडे वाळत घाल."

त्या आत आल्या. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. "चुकलंय कुठे, दाखव."

मी ती ओळ दाखवली. आता ती काढायची आणि प्रत्येक नात्याची उलटी बाजू लिहायची, सासूला सून, नणंदेला भावजय, मामीला भाचा, असं समजावलं.

"आणि व्याही?" त्यांनी विचारलं.

"व्याही दोन्हीकडून व्याहीच."

"साडू?"

"तेही तसेच."

"सवती?"

"आई!"

"अगं, विचारून ठेवलेलं बरं." त्यांच्या ओठांचे कोपरे हलले. "म्हणजे मोडलेलं नाही, नुसतं उलटं लागलंय. किती वेळ लागेल?"

"संध्याकाळपर्यंत होईल."

"हं." त्यांनी चष्मा पुसला, परत ती पोस्ट उघडली, कारण पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मनात. मग थोरल्या दिरांना फोन लावला.

"अरे, काउंटरला माणूस बघ कुणीतरी," त्या म्हणाल्या. "नाही, धाकटी नाही. तिला काम आहे."