शेहेचाळिसाव्या वर्षातली उडी

कॉलेजात असताना बास्केटबॉलमध्ये अख्ख्या जिल्ह्यात माझ्याइतकी उंच उडी कुणाची नव्हती, असं मी चोवीस वर्षं सांगत आले. कुणी कधी मोजलं नव्हतं, म्हणूनच सांगायला सोपं होतं. लग्न झालं तेव्हा माझ्या सांगण्यात हात जाळीच्या खालच्या टोकाला लागायचा. मुलगी पायल शाळेत जाऊ लागली तेव्हा वरच्या टोकाला. ती दहावीला पोचेस्तोवर माझी बोटं थेट रिंगला लागू लागली होती. माझा नवरा इंद्रजीत कोळसा खाणीत डंपर चालवतो. तो एकदा जेवताना म्हणाला, "आनखी दोन वर्सानं तू रिंगवरून पल्याड जाशीन."

मी जया राठोड. राहते वणीला आणि मारेगावच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. मागच्या ऑक्टोबरात आमच्या गावातल्या एका क्रीडा मंडळानं चाळिशीपुढच्या बायकांचे बास्केटबॉलचे सामने ठरवले. जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर विचारणा आली आणि सगळ्यांच्या आधी मी लिहिलं, "मी सेंटर खेळीन." सरावाची गरज मला वाटली नाही. भाकरी थापणं हात विसरत नाहीत, तशी उडी पाय विसरणार नाहीत, असं माझं मत होतं. बूट तेवढे नवे घेतले.

पहिला सामना पांढरकवड्याच्या संघाशी होता आणि त्या संघात पुष्पा ताकसांडे दिसली. पुष्पा कॉलेजात माझ्याच संघात होती, म्हणजे बाकावर. बुटकी, जड पायांची, अर्धं मैदान धावली की धापा टाकणारी. शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी नावं पाठवायची होती, तेव्हा कर्णधार म्हणून मीच सरांना सांगितलं होतं, हिला नेऊ नका, हिच्यानं होत नाही. तिला हे ठाऊक नसावं असं मी धरून चालले होते. आता ती केळापूरजवळ एका उपकेंद्रात नर्स होती. केस पिकलेले, चष्मा दोरीनं डोक्यामागं बांधलेला. मी मनात म्हटलं, बिचारी.

पहिल्याच मिनिटाला त्यांच्या एकीचा नेम चुकला आणि चेंडू रिंगवर आपटून माझ्या बाजूला उसळला. मी गुडघे वाकवले आणि झेप घेतली. खरं सांगते, मला वारा लागला. वर गेल्यावर माणसाला जसं थोडं एकटं वाटतं, तसंही वाटलं. तेवढ्यात माझ्या डोक्यावरून दोन हात आले आणि चेंडू घेऊन गेले. ते हात माझ्याहून चार बोटं बुटक्या पुष्पाचे होते.

असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी मी ठरवलं की आता धावूनच दाखवायचं. चेंडू घेऊन सुटले, दोन पावलं टाकली आणि पोटरीत कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. मी मैदानाच्या मध्येच बसले. पुष्पानं पंचाला हात करून खेळ थांबवला, माझ्यापाशी येऊन पोटरी दाबून पाहिली.

"तुटलं नाई, ताणलं हाय," ती म्हणाली. "पंधरा दिवस उड्या मारू नको. तशी आजही तू मारली नाईच."

संध्याकाळी पायलनं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ लावला. ती बराच वेळ मागंपुढं करत राहिली. आमच्या बंजारा घरात आईला याडी म्हणतात. मग म्हणाली, "याडी, तुही उडी सुरू कुठून होते ते सांग. मले सापडून नाई राह्यली."

मी सांगितलं. तिनं वेग कमी करून पुन्हा लावला. माझे हात वर गेले होते, मान वर गेली होती, चेहऱ्यावर शिखर गाठल्याचे भाव होते. पाय मात्र घरीच होते. इंद्रजीतनं चष्मा लावून जवळून पाहिलं आणि म्हणाला, "बुटाखालून पेपर सरकते. पुरवणीसकट नाई सरकत."

दोन दिवस मी मैदानाला, बुटांना आणि मोबाइल धरणाऱ्या पायलच्या हाताला दोष दिला. तिसऱ्या दिवशी पुष्पाला फोन केला. पोटरी बरी झाल्यावर एका रविवारी तिच्या घरी गेले. चहा हातात यायच्या आधीच बोलून टाकलं, नाहीतर बोलले नसते.

"पुष्पा, विद्यापीठाच्या टायमाले तुहं नाव मीच कापलं होतं."

"मले माहीत हाय. सरांनी त्याच दिवशी सांगतलं."

"मंग तू कधी बोलली काहून नाई?"

"काय बोलू? माह्याच्यानं होत नव्हतंच," ती म्हणाली. "राग आलता. तुह्या लग्नाले आली नाई मी, आठवते का?"

मला आठवत नव्हतं. ती आली नव्हती हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं, आणि ते मी तिला सांगितलं नाही.

एकोणचाळिसाव्या वर्षी पुष्पाला शुगर निघाली होती. गावातल्या बायांना ती रोज चालायला सांगायची, तेही खुर्चीत बसून. तिची तिलाच लाज वाटली. आधी चालली, मग खांद्यावर तुरीचं गाठोडं घेऊन पायऱ्या चढली, मग शाळेच्या मैदानावर पोरींबरोबर चेंडू खेळू लागली. हे सगळं ऐकताना मी वाट पाहत होते की आता ती खरं गुपित सांगेल. तिनं प्लास्टिकची खुर्ची पुढं ओढली.

"बस आन् उठ. हात लावायचा नाई. धा डाव."

सातव्याला मी खुर्चीशी बोलू लागले. नवव्याला खुर्चीवर कोसळले.

पुढचे तीन महिने मी उठबस केली. वरण शिजेस्तोवर चवड्यांवर वरखाली झाले. कचेरीत दार लावून करत असताना आमचे शिपाई सदाशिवराव फाईल घेऊन आत आले आणि अदबीनं म्हणाले, "मॅडम, खुर्ची टोचते काय? बदलून आणू का?"

फेब्रुवारीत पांढरकवड्याला पुन्हा सामना झाला. मला नऊ मिनिटं खेळवलं. त्या नऊ मिनिटांत मी पाच उड्या मारल्या आणि एक चेंडू हातात आला, तोही पुष्पाच्या हाताशी आलेला. तो मी आमच्या संघातल्या बबिताकडं दिला, तिनं बास्केट केली. मी धावत मागं गेले आणि मांड्या थरथरत होत्या तरी उभी राहिले. आम्ही अकरा गुणांनी हरलो. पुष्पानं एकटीनं चौदा गुण केले होते.

सामना संपल्यावर ती खांदा चोळत माझ्याजवळ आली.

"चेंडू घेतला ते बरं केलं. पण कोपर कायले मारतं?"

"तुह्या डोक्यावरून जाईन असं वाटलं होतं मले."

"खांद्यावर बसलं," ती म्हणाली. "रविवारी लौकर ये. आता दोरीवरच्या उड्या चालू करू."

घरी आल्यावर मी इंद्रजीतला उड्या मारायची दोरी आणायला सांगितली. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येताना त्यानं बंद पडलेली गाडी ओढायला वापरतात तो मनगटाएवढा दोर आणला आणि अंगणात टाकला. कुठून आणला विचारलं तर म्हणाला, "दुकानात पातळ होती. मी तुहं वजन पाहून आनला."