डाव्या कानातला झिपऱ्या

"एका जागी बस की जरा! पायाला भिंगरी लागलीय का?" जाऊ तिच्यावर करवादली.

सभागृहात तिची ही तिसरी खुर्ची. शेवटी खडखडणारा पंखा डोक्यावर आला तेव्हा कुठे ती टेकली. शांत जागा तिला सोसतच नसे. म्हणून तर जन्मभर तिनं रुग्णालयाच्या धुलाईखान्यात नोकरी केली. चादरी घुसळणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटानं बाकीच्या बायका कावून जात. हिला तिथंच काय तो आराम.

व्यासपीठावर झिपऱ्याचा मोठा फोटो होता, गळ्यात गिटार अडकवलेला. गेल्या आठवड्यात तो वारला आणि गावाला अचानक त्याचा पुळका आला. ज्यांनी एके काळी आपल्या पोरींना त्याच्या कार्यक्रमाला जाऊ दिलं नव्हतं, तेच आता आठवणी सांगताना माइक सोडायला तयार नव्हते. न्हावी म्हणाला, त्याचे केस मीच कापायचो.

"कापले असतेस तर झिपऱ्या कसा झाला असता?" जाऊ पुटपुटली.

"माझा नंबर येऊ दे," ती म्हणाली. "मी खरं काय ते सांगणार."

"गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये गं."

"आणि तो होता तेव्हा मला कुणी विचारलं होतं?"

खरं एवढंच होतं. झिपऱ्याच्या पहिल्याच कार्यक्रमाला ती घरी थाप मारून, भावाचे बूट घालून गेली होती. अगदी स्पीकरला खेटून उभी राहिली. शेवटी त्यानं गिटार स्पीकरसमोर धरली आणि अशी काही शिट्टी निघाली की सगळे कानांवर हात ठेवून मागे सरले. ही सरली नाही. ती शिट्टी डाव्या कानात शिरली ती कायमची. डॉक्टर म्हणाले, औषध नाही, सवय करा. नवरा म्हणाला, नुसते चोचले. झोपेचं खोबरं झालं ते झालंच, पण सलत होतं ते वेगळंच. लेक तान्ही होती तेव्हा शेजारी निजूनही तिचा श्वास हिला कधी ऐकू आला नाही. छातीवर हात ठेवून बघावं लागे. त्याबद्दल तिनं झिपऱ्याला अजून माफ केलं नव्हतं.

"आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू," सूत्रसंचालक म्हणाला. "पंखे बंद करा रे."

ती दाराकडे वळली, पण जाऊनं हात घट्ट धरला होता. पंखे थांबले. कुणीतरी खोकलं, आणि मग काहीच नाही. फक्त ती शिट्टी, बारीक आणि लांबलचक.

इतकी वर्षं ती या शिट्टीपासून पळत होती. आज पळायला जागाच नव्हती, म्हणून तिनं ऐकली. त्या दिवशी भावाचे बूट मोठे होते, पाय आत घसरत होते, घामानं केस कपाळाला चिकटले होते, आणि आनंद पोटात मावत नव्हता. तसा आनंद पुन्हा कधी झाला नाही. हे ती साफ विसरून गेली होती. खरं सांगायचं तर हेही सांगायला हवं होतं. तिचे डोळे भरून आले.

खुर्च्या सरकल्या. लोक बसले. पंखे पुन्हा खडखडू लागले. माइकवरून तिला बोलावलं गेलं.

जाऊनं बाही ओढली. "अगं जा की! तुझा नंबर आला."

"थांब जरा," ती म्हणाली. "त्याचं होऊ दे."

आणि सगळं सभागृह बसलेलं असताना ती तशीच उभी राहिली, डावा कान व्यासपीठाकडे करून.