वाटेत अडकलेला नवस

बोटीवरची नोकरी संपवून हरिश्चंद्र कोकणात आपल्या गावी, पावसला परतले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत वीतभर उंचीची एक हिरवी पडलेली काशाची बाई होती. इटलीतल्या कुठल्याशा बंदरावर जुन्या बाजारात घेतलेली. डोक्यावर टोकदार टोपी, पायांत टोकदार जोडे, पुढे केलेल्या हातात एक फळ. त्यांच्या बायकोने, यमुनाबाईंनी, तिला चिंचेने लखलखीत घासली आणि देव्हाऱ्यात अन्नपूर्णेशेजारी उभी केली. परदेशी असली म्हणून काय झालं, बाई उपाशी राहता कामा नये.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात मुंबईचे प्रोफेसर लेले शेजारी आंबे खायला आले होते. पाणी प्यायला ओटीवर टेकले, देव्हाऱ्याकडे नजर गेली आणि तांब्या हातातच राहिला.

"वहिनी, ही इट्रुस्कन आहे! रोमनांच्याही आधीच्या लोकांची. दोन हजारांहून जास्त वर्षं जुनी! हिच्यावरचा हिरवा थर कुठे गेला?"

"चिंचेनं काढला. तुमी कशानं काढता?"

प्रोफेसरांनी डोळे मिटले. उघडल्यावर म्हणाले, "ही पूजेची मूर्ती नव्हे. देवीचीच आकृती, पण कुणीतरी नवस बोलून देवळात वाहिलेली. हिची जागा संग्रहालयात. उद्या घेऊन जातो."

यमुनाबाई 'नवस' या शब्दावरच अडल्या. त्या नवऱ्याकडे वळल्या.

"तुमी दुसरीचा नवस विकत घेतलात?"

"अगो, मला काय माहीत? चमच्यांच्या ढिगात पडली होती."

"चमच्यांत! देवीला वायलेली वस्तू मेल्यांनी देवळातून उचलली, बाजारात मांडली, आणि आता हे कपाटात कोंडणार! मग त्या बाईचा नवस पोचायचा कधी?"

"कुठल्या बाईचा?" प्रोफेसरांनी विचारलं.

"जिनं बोलला तिचा. घोव दर्यावर असेल तिचा."

"तसा काही पुरावा नाही."

"दर्यावर गेलेल्याची बायको दुसरं काय मागते? पुरावा म्हणे!"

दुसऱ्या दिवशी प्रोफेसर खोका घेऊन आले, तर देव्हाऱ्यात अन्नपूर्णा एकटीच. यमुनाबाई त्या बाईला घेऊन ग्रामदेवीच्या देवळात गेल्या होत्या, मागून हरिश्चंद्र नारळ सांभाळत. प्रोफेसर तिथे धापा टाकत पोचले.

"अहो, ही इटलीच्या देवीची वस्तू! तुमच्या देवीचा काय संबंध?"

"आणि आमच्या देवी विलायतेत काचेआड उभ्या आहेत, त्यांचा तिथे काय संबंध?" यमुनाबाई कडाडल्या. "त्यांना कोणी विचारलं?"

या प्रश्नाचं उत्तर प्रोफेसरांना सविस्तर माहीत होतं, म्हणून त्यांनी हातातला खोका खाली ठेवला.

महिपत गुरवाने मूर्ती देवीच्या पायाशी ठेवली आणि गाऱ्हाणं घातलं. आपल्याकडे गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी साथ द्यायची असते. घशाला ती सवयच असते. प्रोफेसरांचं आजोळ कोकणातलंच.

"बा देवी म्हाराजा! कोण कुठची बाय, तुझ्या धाकल्या भैणीला नवस बोलली..."

"व्हय म्हाराजा!"

"तो वाटेत कोणी लुटला, तो आज तुझ्याकडं पोचता केला, तो तू तुझ्या भैणीला पोचव..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि आजपासून ही वस्तू कोणी हलवायची नाही, असं जमलेली मंडळी कबूल करतात..."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत खणखणीत आवाज प्रोफेसरांचा होता. देऊळ घुमलं. मग त्यांच्या लक्षात आलं.

"अहो, मी ते सहज म्हटलं!"

"देवीपुढं सहज कोण बोलतो, सायबानू?" महिपतने शांतपणे विचारलं आणि त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

प्रोफेसरांनी तो खाल्ला. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

यमुनाबाईंचा राग मात्र देवळाच्या पायऱ्या उतरेपर्यंत उतरला नव्हता. खाली आल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"पोचला असेल आता तिचा घोव घरी," त्या म्हणाल्या. मग हरिश्चंद्रांकडे पाहून, "चला. तुमीपण चला."