मीठ पोचण्याआधी

"आधी त्या गोऱ्या बाईचा गळा दाबून दाखवा, मग माझा!" असं म्हणून म्हातारा ग्येम्बो हनुवटी छातीला टेकवून बसला, तो काही केल्या हलेना.

अंगणात हशा पिकला. परदेशी बाईला शब्द कळले नाहीत, पण रोख कळला असावा. तिने हसत हसत मान पुढे केली आणि थिंफूच्या डॉक्टर थिनलेंनी सगळ्यांदेखत तिचा गळा दोन्ही अंगठ्यांनी चाचपला. तिची मान लांब आणि सपाट होती. त्सांगलाखा गावातल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या.

"बगळ्यासारखी आहे गं नुसती! पोवळ्यांची माळ घातली तर टिकायची कशावर?"

"बघा, तिला काही झालं का?" केसांग ग्येम्बोला म्हणाली. "आता करा मान वर, आजोबा. लाजताय काय नवरीसारखे?"

म्हाताऱ्याने मान वर केली. त्याचा गलगंड लोंबत्या पिशवीसारखा कॉलरच्या बाहेर आला. डॉक्टरांनी हात लावला, आकडा सांगितला, परदेशी बाईने तो लिहून घेतला. मग छोटी बाटली त्याच्या हातात देऊन केसांगने त्याला गोठ्याआड जायला सांगितलं.

"मूतसुद्धा नेणार?" ग्येम्बो थक्क झाला. "थिंफूला तेही मिळत नाही होय?"

केसांग खालच्या खोऱ्यातल्या दवाखान्यात परिचारिका होती. या गलगंडाच्या पाहणीसाठी तिला घेतलं, कारण वरच्या गावांची बोली डॉक्टरांनाही धड समजत नसे. गावोगाव ती हेच करत आली होती. गळे, बाटल्या, चेष्टा. पण त्सांगलाखा तिचं माहेर होतं, आणि सकाळपासून तिचं अर्धं लक्ष रांगेच्या शेवटाकडे होतं.

तिथे तिची आई यांगझोम उभी होती. शेजारी नामगे.

नामगे केसांगचा थोरला भाऊ. चाळिशीला आलेला, पण उंची दहा वर्षांच्या पोराएवढी. पाय फाकवून, डुलत डुलत चालायचा. त्याला ऐकू येत नसे, बोलता येत नसे. आईने त्याला आज सणाचा झगा घातला होता, तेल लावून केस चापून बसवले होते. राजधानीची माणसं बघायला येणार म्हणजे पोरगा नीटनेटका दिसला पाहिजे, एवढंच तिला कळत होतं.

डॉक्टर नामगेपुढे उकिडवे बसले. त्यांनी त्याचे गुडघे हलवून पाहिले, मागे जाऊन टाळी वाजवली. नामगे परदेशी बाईच्या सोनेरी केसांकडे टक लावून हसत होता. टाळीने त्याची पापणीही लवली नाही.

"जन्मापासून असाच?" डॉक्टरांनी विचारलं.

उत्तर केसांगला पाठ होतं, तरी रीत म्हणून तिने आईला विचारलं. यांगझोमने चारचौघांत डोळे खाली घातले.

"माझ्यामुळे झालं, सांग त्यांना," ती म्हणाली. "हा पोटात होता तेव्हा मी वरच्या झऱ्यात डुकराची आतडी धुतली. झऱ्यातला नाग कोपला. त्याने याची वाचा नेली."

गावात कुणाला हे नवं नव्हतं. केसांगच्या बापाने घर सोडलं, तेही हेच कारण सांगून. डोंगरापलीकडे दुसरी बाई केली आणि जाताना अंगणात उभं राहून ओरडला, "जिने नाग विटाळला तिच्या हातचं खाऊन मला मरायचं नाही!" तेव्हा केसांग पाळण्यात होती. त्यानंतर यांगझोम कुठल्या लग्नात पुढे बसली नाही, कुणाच्या बाळंतिणीला शिवली नाही. पावसाने शेत वाहून गेलं तरी लोक आधी तिच्या घराकडे बघायचे.

केसांगने सगळं डॉक्टरांना सांगितलं. परदेशी बाई हलक्या आवाजात काही बोलली. डॉक्टर म्हणाले, "केसांग, आईला खरं काय ते सांग. तिने उगाच एवढं ओझं वाहिलं."

"इथे नको," केसांग म्हणाली. "घरी सांगते."

संध्याकाळी चुलीपाशी तिने सांगितलं. बोलायला सोपं होतं, गावोगाव बोलून झालं होतं. या डोंगरातल्या मातीत आणि पाण्यात एक गोष्ट कमी आहे. समुद्राकाठच्या लोकांना ती आपोआप मिळते, आपल्याला मिठातून द्यावी लागते. ती नसली की गळा सुजतो, आणि गरोदर बाईला मिळाली नाही तर पोटातल्या मुलाचे कान आणि मेंदू घडत नाहीत. "नागाने काही केलं नाही, आई. तूही काही केलं नाहीस. मीठ साधं होतं, एवढंच."

यांगझोम मोहरीच्या पाल्याचं भांडं ढवळत होती. ढवळतच राहिली.

"एवढंच," ती म्हणाली.

केसांगला वाटलं होतं, आई रडेल, तिला कुशीत घेता येईल. आईने भांडं खाली उतरवलं.

"सगळा गाव तेच मीठ खात होता. मग माझाच का?"

"ते सांगता येत नाही. कुणाला कमी बाधतं, कुणाला जास्त."

"म्हणजे तुमच्या डॉक्टरलाही माहीत नाही." तिने वाटीत भात वाढला, नामगेपुढे सरकवला. "आणि तुला हे कधी कळलं?"

"वसंतात. पाहणीआधी थिंफूला शिकवलं तेव्हा."

"त्यानंतर उन्हाळ्यात तू घरी आली होतीस. माझ्यासोबत झऱ्यावर आलीस, नैवेद्याचं दूध तुझ्या हातात होतं. गप्प बसलीस."

केसांगने चुलीत लाकूड सरकवलं. उन्हाळ्यात तिला वाटलं होतं, निदान नागाची समजूत काढता येते. मातीची कशी काढायची?

"नाग होता तेव्हा मला कुणाच्या तरी पाया पडता येत होतं," यांगझोम म्हणाली. "आता हे कुणाला विचारू? मिठाला?"

नामगेने दोनदा वाटी पुढे केली, दोनदा तिने भात वाढला.

सकाळी घोड्यांवर सामान चढत होतं तेव्हा यांगझोम स्वतःहून डॉक्टरांपुढे येऊन उभी राहिली. गळ्याभोवतीचं फडकं तिने काढून हातात घेतलं होतं, मोठ्या माणसापुढे काढतात तसं.

"विचार त्यांना," ती केसांगला म्हणाली, "आता याला ते मीठ दिलं तर बोलेल का?"

डॉक्टर थिनलेंनी मान हलवली. "नाही, आई. त्याची वेळ पोटात असतानाच असते."

यांगझोमने ते ऐकून घेतलं. जणू तिला उत्तर माहीत होतं आणि खरा प्रश्न पुढेच होता.

"मग आमच्या छिमीला द्या. शेजारच्या. तिला दिवस गेलेत, अजून कुणाला दिसतही नाही. तिला आत्ता द्या."

डॉक्टर केसांगकडे बघायला लागले. घोडेवालाही दोर बांधायचा थांबला.

"आमच्याकडे नाही," ते म्हणाले. "या खेपेला आम्ही फक्त मोजायला आलोय. किती जणांना आहे ते दाखवलं की सरकार कारखाना काढेल, घराघरात मीठ येईल. मिठातली तीच गोष्ट तेलात घालून दिलेलं इंजेक्शनही असतं, पण ते परदेशातून मागवावं लागतं. मी गेल्या गेल्या मागवतो."

केसांगने शब्द न शब्द सांगितला. मधे काही मऊ करून सांगावं असं तिला वाटलं, पण कालच्यानंतर तिची छाती झाली नाही.

"मोजायला," यांगझोम म्हणाली. "आणि छिमीचं पोर तुम्ही मोजून होईपर्यंत थांबणार आहे?"

डॉक्टर चांगला माणूस होता. त्याने शब्द पाळला. इंजेक्शनं आली, पण तोवर खिंडीत बर्फ पडलं होतं. पेटी खालच्या दवाखान्यात केसांगच्या खाटेखाली हिवाळाभर पडून राहिली. वाट मोकळी झाल्यावर केसांग ती घेऊन पहिल्या घोड्याबरोबर वर गेली. गावातल्या सगळ्या बायकांना तिने सुया टोचल्या, छिमीलाही. छिमीच्या पाठीशी तेव्हा बाळ बांधलेलं होतं. मुलगी. गुटगुटीत आणि शांत.

"रडतच नाही गं," छिमी कौतुकाने म्हणाली. "कोंबडा कानाशी ओरडला तरी झोपलेली. गुणी आहे."

सुई उकळत्या पाण्यात टाकायची म्हणून केसांग पाठमोरी झाली.

त्यानंतरच्या वर्षी, शरद ऋतूत, मीठ आलं. खेचरांच्या पाठीवरून गोण्या उतरल्या तेव्हा सगळं गाव अंगणात जमलं. ग्येम्बोने चिमूटभर तोंडात टाकलं आणि म्हणाला, "मिठासारखंच लागतंय की! एवढ्यासाठी आमचं मूत नेलं?" लोक पोट धरून हसले. छिमी मात्र आली नव्हती.

"तिच्या नवऱ्याने दोन महिन्यांपूर्वी घर सोडलं," यांगझोमने गोण्यांबरोबर आलेल्या केसांगला सांगितलं. "छिमीने पोटुशी असताना झऱ्यावरचं झाड तोडलं म्हणे. आता ती दार ओढून घरातच बसते. चल माझ्याबरोबर."

"मी समजावते तिला," केसांग म्हणाली.

"तू गप्प राहा. तुला ते नीट सांगता येत नाही."

छिमी आतल्या खोलीत खिडकीपाशी बसली होती. पोरगी थोडी पलीकडे, फळ्यांच्या जमिनीवर, एका लाकडी पळीशी खेळत होती. आता ती बसायला शिकली होती, पाय मात्र काडीसारखे होते. दार वाजलं, दोघी आत आल्या, पण पोरीने वर पाहिलं नाही.

"सगळे तेच बोलत असतील ना गावात?" छिमीने केसांगकडे न बघता विचारलं. "माझ्या झाडाचं?"

यांगझोम तिच्यासमोर खाली बसली. गुडघे कुरकुरले तशी 'आई गं' म्हणाली.

"तू काही केलेलं नाहीस," ती म्हणाली. "तू झाड तोडलंस, मी आतडी धुतली, दुसरी कुणी आणखी काही केलं असेल. बायका काही ना काही करतातच. मीठ उशिरा आलं. मी त्या डॉक्टरकडे तुझ्यासाठी मागितलं होतं. तेव्हा नव्हतं."

छिमीचा चेहरा वेडावाकडा झाला. "मागितलं होतंस?"

"मागितलं होतं. रड आता. मला रडायला कुणी सांगितलं नव्हतं."

छिमी रडली. यांगझोमने तिच्या पाठीवर हात ठेवला, पण थोपटलं नाही, नुसता ठेवला. केसांग दारातच उभी होती. तिच्या हातातली मिठाची पुडी तशीच राहिली.

बऱ्याच वेळाने छिमीने डोळे पुसले आणि पोरीकडे वळून हाक मारली. मग आणखी मोठ्याने मारली, गळ्याच्या शिरा ताणून. पोरगी पळी चाटत होती.

"ओरडू नकोस," यांगझोम म्हणाली. "घसा बसतो, आणि आपल्याला वाटतं, पोर हट्टाने बघत नाही. पाय आपट."

"काय?"

"जमिनीवर पाय आपट. फळी हलते. त्यांना कळतं."

छिमीने घाबरत घाबरत टाच उचलली आणि आपटली. फार हळू.

"अजून."

तिने पुन्हा आपटली. जमीन थरथरली, खिडकीतली धूळ हलली, आणि पोरीने पळी खाली ठेवून आईकडे पाहिलं.