ओल्या चादरींची टोपली

तळ्याकाठच्या आरोग्यधामाच्या धुलाईघरात बुरुलचाने एकोणीस वर्षं ओल्या चादरी उपसल्या, त्यातली शेवटची सहा कंबर धरून. गोळ्या झाल्या, गरम मिठाचे शेक झाले, मेंढीचं कातडं गुंडाळून झालं. शेवटी थोरले डॉक्टर मेदेतबेक कासिमोविच यांनी तिला तिथल्याच यंत्राच्या खोलीतल्या झिपारकडे धाडलं. झिपार तिच्या कमरेला तारा चिकटवायची. स्नायू आवळला की यंत्राच्या पडद्यावरची रेघ चढायची, सैल पडला की उतरायची. रेघेकडे बघत कंबर सैल सोडायला शिकायचं. बुरुलचाला आधी ती थट्टाच वाटली, पण पाच आठवड्यांत जमलं. खुर्चीत बसल्या बसल्या रेघ खाली यायची, आणि घरी चालत जाताना ठणका निम्म्यावर आलेला असायचा.

डॉक्टरांनी उतरलेल्या रेघेचा कागद पाहिला आणि त्यावर शेरा मारला : स्नायू पूर्ववत. जड कामास हरकत नाही.

बुरुलचाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बरं व्हायला धडपडले, त्याचीच ही शिक्षा? ती धुलाईघरात गेली, भरलेली टोपली उचलून पाणी गाळत झिपारच्या खोलीत आली. तारा लाव आणि डॉक्टरांना बोलाव, म्हणाली.

"एजे," झिपार थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी म्हणाली, "कंबर मोडेल तुमची."

"मोडू दे. बघतील तरी."

डॉक्टर आले ते कपाळाला आठ्या घालूनच. बुरुलचाने वाकून टोपली उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. रेघ उसळली, आणि टोपली खाली ठेवल्यावरही उतरेना.

"तारा सैल असतील," डॉक्टर म्हणाले.

"घट्ट आहेत." झिपारने एकेक तार दाबून दाखवली. "मीच लावल्यात."

"खुर्चीत बसून चादरी उपसता येतात का हो, मेदेतबेक कासिमोविच?" बुरुलचा धापा टाकत म्हणाली. "येत असतील तर शिकवा. मग मीच लिहून देते, मी बरी झाले म्हणून."

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. शेरा खोडला आणि तिला घड्या घालायच्या टेबलावर बसवलं.

दुसऱ्या सकाळी बुरुलचाने पाहिलं, तर तिच्या टोपल्या धुलाईघरातली सोनुन एकटी ओढत होती. वय सव्वीस, आणि एक हात आतापासूनच कमरेवर. बुरुलचाचं रक्त पुन्हा उकळलं. तिने धुलाईघराच्या मुकादमिणीला सगळ्यांदेखत सुनावलं की इथून पुढे एका टोपलीला दोघी, नाहीतर चादरी ओल्याच राहतील. मुकादमीण कुरकुरली, दुप्पट वेळ लागेल म्हणाली.

"लागू दे," बुरुलचा म्हणाली, आणि घडी घालायला बसली.