बेटावरचं लग्न आणि बापूंचं मत

लग्न कुठे करायचं हे ठरवायला माझ्या भावाच्या घरी जी बैठक भरली, तिला घरची नऊ माणसं, एक लॅपटॉप आणि एक प्लॅनर बाई हजर होती. अक्कल तेवढी कुणी आणली नव्हती.

लग्न खारूचं, म्हणजे माझ्या भाचीचं. लहानपणी पेन्सिलीपासून खुर्चीच्या हातापर्यंत सगळं पुढच्या दोन दातांनी कुरतडायची, म्हणून बापूंनी ठेवलेलं हे नाव. बापू माझे वडील. चाळीस वर्षं त्यांनी चष्म्याचं दुकान चालवलं. दादा-वहिनी दोघं नोकरीला, त्यामुळे शाळा सुटली की खारूचा मुक्काम त्या दुकानात. तिला वाचायला कुणी शिकवलं असेल तर बापूंनी, भिंतीवरच्या तपासणीच्या तक्त्यावरून. आता बापूंचे स्वतःचे डोळे गेले आहेत. उजेड-अंधार कळतो, माणूस आवाजावरून ओळखतात. त्यात गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून चाकांच्या खुर्चीत. ते माझ्याकडे राहतात. मी एका तपासणी केंद्रात लोकांचं रक्त काढते. दिवसभर सुया टोचून घरी आल्यावरही माझी सवय जात नाही, असं वहिनी म्हणतात. बरोबरच म्हणतात.

प्लॅनर बाई पंचविशीची होती आणि लग्नाला लग्न म्हणत नव्हती, ‘अनुभव’ म्हणत होती. तिने पडद्यावर एक बेट दाखवलं. आधी विमान, मग बस, मग बोट, आणि बोटीतून उतरून गुडघाभर पाण्यातून चालत किनाऱ्यावर.

“पाण्यातून का?” दादाने विचारलं.

“तोच तर अनुभव आहे,” ती म्हणाली.

पाहुण्यांनी तीनच रंगांचे कपडे घालायचे होते: वाळू, शिंपला आणि वाळलेलं गवत. मला शिंपला आला होता. वहिनींच्या भावजयीला, म्हणजे मामींना, वाळलेलं गवत आल्यामुळे त्या जरा फुरंगटल्या. मग बाईने दिवसाचं वेळापत्रक उघडलं. त्यात ‘भावनिक क्षण’ अशी एक ओळ होती, पाच ते पाच दहा. म्हणजे वहिनींनी रडायचं ते या दहा मिनिटांत, कारण तेव्हा ऊन सोनेरी असतं आणि डोळ्यांतलं पाणी फोटोत चांगलं येतं. वहिनींनी मान डोलावली आणि विचारलं, “आधीच आलं तर?” बाई गंभीरपणे म्हणाली, “आपण तालीम करू.”

मी आजवर पुष्कळ मूर्खपणा पाहिला आहे. सुई टोचण्याआधीच बेशुद्ध पडणारे पैलवान पाहिले आहेत. पण रडण्याची तालीम ही मला नवीन होती.

“आणि बापूंचं काय?” मी विचारलं.

खोलीत जराशी चुळबुळ झाली. उत्तर मामांनी दिलं. मामा म्हणजे वहिनींचे भाऊ, आणि या सगळ्या उपद्व्यापाचे स्वयंघोषित अध्यक्ष. “बापूंची सोय केलीय,” ते म्हणाले. “त्यांना घरबसल्या थेट प्रक्षेपण. तिकडे आपण मोठा पडदा लावू, त्यावर बापू. म्हणजे बापू सगळ्यांत मोठे दिसतील!”

“मामा, बापूंना दिसत नाही.”

“अहो, पण बापू दिसतील ना आपल्याला!”

मी खारूकडे पाहिलं. ती खिडकीपाशी बसून नख कुरतडत होती. बोलली एक अक्षर नाही. मी मनात म्हटलं, झालं, ही पोरगीसुद्धा त्यातलीच. मी चपला घातल्या आणि दारातून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “चालू द्या तुमचा तमाशा. मला आणि बापूंना त्यात ओढू नका. आणि दादा, लग्न या विषयावर मला फोन करायचा नाही.”

घरी येऊन मी पहिलं काम केलं ते फोनवर. मामांनी ‘आमचं अविस्मरणीय लग्न’ नावाचा ग्रुप काढला होता. तो मी माझ्या फोनवर गप्प केला आणि बापूंच्या फोनवरही. बापूंचा फोन मीच बघते, निरोप मीच वाचून दाखवते. मला वाटलं, बरं झालं, कटकट गेली.

बापू रोज विचारायचे. संध्याकाळी मी त्यांचे पाय चोळायला बसले की हमखास.

“काय म्हणतायत लग्नाचे लोक?”

“काय म्हणणार? दगडावर बसू की वाळूत लोळू, याचा खल चाललाय.”

“खारू काय म्हणते?”

“ती कशाला काय म्हणेल? नवरीबाईंना बेट मिळालंय.”

बापू हसायचे. माझे टोमणे त्यांना आवडायचे. निदान तोवर तरी आवडत होते. मग ते म्हणायचे, “मला उगाच वाटलं होतं, इथे समोर होईल. निदान आवाज तरी ऐकला असता.” हे त्यांनी एकदा नाही, तीन-चारदा म्हटलं. विमानात बसायला डॉक्टरांनी त्यांना साफ मनाई केली होती. त्यांना एवढंच हवं होतं की खारूचं लग्न त्यांच्या कानावर पडावं, कुठल्या यंत्रातून नाही, चार हातांवरून. मी म्हणायचे, “जाऊ द्या बापू, वासरांत लंगडी गाय शहाणी, तसे ते मामा. त्यांच्यापुढे कोण बोलणार?” आणि पाय चोळत राहायचे.

पुढच्या पंधरवड्यात एक दिवस दादाचा फोन आलाच. आवाज पडलेला. “ठरलं गं. बेट.”

“अभिनंदन. शिंपला इस्त्री करून ठेवते.”

“छोटे, पण तुम्हा दोघांना विचारूनच—”

“विचारू नका म्हटलं होतं ना?” मी म्हणाले आणि फोन ठेवला. अशा वेळी फोन ठेवायला मला फार आवडतं.

त्यानंतर खारू आमच्याकडे यायची बंद झाली. दर रविवारी बापूंपाशी तास-दोन तास बसणारी पोरगी, सहा आठवडे फिरकली नाही. बापू दाराच्या आवाजाकडे कान लावून बसायचे. मी म्हणायचे, “नका वाट बघू. बाईसाहेब रडण्याच्या तालमीत असतील.” या वेळी बापू हसले नाहीत.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती आली. बापू झोपले होते. ती पाणी पिऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली, पाहुण्यासारखी.

“या,” मी म्हणाले. “वाट चुकलात वाटतं.”

“आत्या, टोमणे मारू नकोस. आज नको.”

“मग काय करू? ज्या म्हाताऱ्याने तुला वाचायला शिकवलं, त्याला पडद्यावर टांगून तू चाललीस समुद्रात. ओवाळू?”

ती अगदी हळू म्हणाली, “तुम्हीच तर बेटाला होकार दिलात. तू आणि बापूंनी.”

“कुणी?”

“तुम्ही दोघांनी. तुमच्या दोन मतांनी तर ठरलं.”

मी तिला म्हटलं की तुझं डोकं ठिकाणावर नाही. तिने स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला आणि बोटाने वर सरकवत नेला. फुलं, टोप्या, बोटींचे फोटो, मामांचे सुविचार. सहा आठवड्यांपूर्वीच्या तारखेला ती थांबली.

तिचाच निरोप होता. ‘मला लग्न घरी करायचंय. बापूंच्या समोर. आम्हा दोघांचंही हेच म्हणणं आहे. त्या दिवशी सगळ्यांपुढे मला बोलता आलं नाही. प्लीज सगळ्यांनी मत द्या.’

त्याखाली मामा. इथे मामांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ते पंधरा वर्षं त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. सभासद सभेला येत नाहीत, नोटिशीला उत्तर देत नाहीत, मग पाण्याची टाकी तरी धुवायची कशी? त्यावर मामांनी नियम काढला होता की ठरल्या वेळेत उत्तर आलं नाही तर प्रस्ताव मान्य समजायचा. या नियमाच्या जोरावर त्यांनी टाकी धुतली, गच्चीला कुलूप लावलं आणि अख्ख्या जिन्याला जांभळा रंग दिला. तोच नियम त्यांनी भाचीच्या लग्नाला लावला होता. ‘प्रस्ताव: बेट. विरोध असल्यास आज रात्री आठपर्यंत “घर” असे लिहावे. उत्तर न आल्यास बेट मान्य समजावे.’

खाली उत्तरं. ‘घर’, खारूच्या होणाऱ्या नवऱ्याचं. ‘घर’, मामांच्या थोरल्या सुनेचं, तिचं बाळ चार महिन्यांचं. ‘घर’, मामांच्या धाकट्या मुलाचं, त्याला बोट लागते. आणि ‘घर’, दादाचं. माझ्या दादाचं, ज्याला मी आयुष्यभर बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणत आले. त्यालाच खाली आणखी एक ओळ जोडलेली. ‘छोटे, बापूंना विचारून सांग गं. साडेसात झाले.’

मग आठ वाजून दोन मिनिटांनी मामा. ‘बेट सहा, घर पाच. ताई व बापू यांचाही होकार धरला आहे. सर्वांचे आभार.’ ताई म्हणजे मी. आणि शेवटी एक नाचणारा मोर.

मी दोनदा मोजलं. घराला खारू धरून पाच. बेटाला बोलून होकार देणारे चारच होते. मामा, मामी, त्यांचा थोरला आणि वहिनी. चार. आम्ही दोघांनी दोन अक्षरं लिहिली असती तरी ‘घर’ सात विरुद्ध चार मतांनी जिंकलं असतं.

“मी तुझ्या उत्तराची वाट बघत बसले होते,” खारू म्हणाली. “मला वाटलं, बाकी कुणी नाही तरी आत्या भांडेल. मग वाटलं, बापूंचं सगळं तूच करतेस, घरी लग्न म्हणजे तुझ्याच अंगावर काम पडणार, म्हणून तुला नको असेल.”

“मला फोन का नाही केलास?”

“ओढू नका म्हणाली होतीस ना?”

मामांनी माझं गप्प राहणं होकार धरलं म्हणून त्यांना शिव्या द्याव्यात, तर त्या बैठकीत मीही खारूचं तेच केलं होतं. ती बोलली नाही, आणि मी तिला त्यातली ठरवून मोकळी झाले. मामांनी निदान आठ वाजेपर्यंत वाट पाहिली होती.

“आता काही करता येईल?” मी विचारलं.

“उद्या पहाटे निघायचंय आत्या. लोक निघालेत घरून.” तिने डोळे पुसले. “बापूंना तू सांग. मला नाही सांगता येणार.”

बापू उठले तेव्हा ती त्यांच्यापाशी बसली. दोघं इकडचं तिकडचं बोलले. बापू तिच्याशी फार नीट वागले, गिऱ्हाइकाशी वागावं तसे. मी काही सांगितलं नाही. म्हटलं, ती गेल्यावर सांगू. ती गेल्यावर म्हटलं, उद्या. मी एरवी कुणालाही तोंडावर बोलणारी बाई म्हणून ओळखली जाते.

लग्नाच्या दिवशी बापूंनी सकाळीच दाढी करून घेतली, इस्त्रीचा सदरा मागितला. चारच्या सुमारास फोन त्यांच्यासमोर पुस्तकांना टेकवून ठेवला. तिकडून चित्र आलं, निळं पाणी आणि वाळूच्या रंगाची माणसं. आवाज मात्र वाऱ्याचाच येत होता, कुणी कानात फुंकर घालावी तसा. मध्येच मामा ओरडले, “बापू आले! बापू आले!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या पडद्यावर माझे वडील भलतीकडे तोंड करून बसलेले दिसत असणार.

“काय आवाज आहे हा?” बापूंनी विचारलं.

“वारा आहे.”

ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “बरं झालं म्हणा. नवरीबाईंना बेट मिळालं. म्हाताऱ्याची अडगळ कशाला तिथे?”

ते शब्द माझे होते. माझ्याच तालावर, माझ्याच तिरक्या सुरात. दीड महिना संध्याकाळी पाय चोळता चोळता मीच ते त्यांच्यात भरले होते, आणि आता खारूच्या लग्नाच्या दिवशी माझे वडील ते बोलत होते.

“बापू,” मी म्हणाले, “तिला घरीच करायचं होतं. तुमच्या समोर. तिने सगळ्यांना मत विचारलं होतं. तुमच्या फोनवरही विचारलं होतं.”

“माझ्या फोनवर?”

“हो. मी तो ग्रुप बंद करून ठेवला होता. मी वाचलंच नाही. आपण दोघं काही बोललो नाही, म्हणून बेट ठरलं. दोन मतांनी.”

बापूंनी मान माझ्याकडे वळवली. मी रागवण्याची वाट पाहत होते, रागावले असते तर बरं झालं असतं.

“मी तुला रोज विचारत होतो,” ते म्हणाले.

“हो.”

“रोज.”

तेवढ्यात तिकडे कुणीतरी फोन हातात घेतला आणि वारा एकदम कमी झाला. खारूचा आवाज आला, “बापू? ऐकू येतंय का?”

बापू पुढे वाकले. त्यांचं तोंड फोनच्या जरा डावीकडेच राहिलं, मी फोन सरकवला.

“खारू,” ते मोठ्याने म्हणाले, “माझं मत घर.”

बाजूने प्लॅनर बाईचा दबका आवाज आला, “वहिनी, अजून नाही, पाचला, पाचला.” आणि पुन्हा वारा सुरू झाला, दुसरं काही ऐकू येईना.

बापू मागे टेकले. हात मांडीवर ठेवले.

“मला काही कळत नाहीये,” ते म्हणाले. “तू सांग काय चाललंय ते. नुसतं दिसेल ते सांग. तुझं काही घालू नकोस त्यात.”

मी फोन जवळ ओढला.

“खारू उभी आहे,” मी सांगितलं. “नवरा शेजारी आहे. दादा तिच्या मागे उभा आहे.”

“आणि?”

“ती रडतेय.”

“आणि?”

“सगळे तिला समोर बघायला सांगतायत. ती इकडे बघतेय, बापू.”