आळंदपर्यंतचा रस्ता

मादन हिप्परग्याच्या वरच्या गल्लीत सकाळी साडेसहाला एक पांढरी व्हॅन येऊन थांबे, आणि तिचा हॉर्न वाजायच्या आतच समोरच्या दोन-तीन घरांची दारं उघडत. कुणी दात घासत उंबऱ्यावर येई, कुणी उगाच दारात पाणी मारी. नेत्रावती डोक्यावर पदर ओढून, मान खाली घालून बाहेर पडे. मागोमाग तिची सासू सिद्धव्वा येई. सुनेला खिडकीशी बसवून ती स्वतः ड्रायव्हरच्या बरोबर मागे बसे. त्याची मान कुठे वळते, ते तिला तिथून दिसत असे.

नेत्रावती छत्तीस वर्षांची. गर्भाशयाच्या तोंडाला कॅन्सर निघाला होता. गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी पंचवीस लाईट, म्हणजे किरणोपचार, सांगितले होते. आठवड्यातून पाच दिवस, पाच आठवडे, मध्ये खंड पडता कामा नये. नवरा नागेंद्र हुमनाबादहून लॉरी चालवायचा. आज पुणे, परवा हैदराबाद. घरी महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी. पहिले चार दिवस नेत्रावती बसने गेली आणि चौथ्या दिवशी आळंदच्या स्टँडवर भोवळ येऊन पडली. तेव्हा दवाखान्यातल्या ‘सोबत’ नावाच्या संस्थेने गाडी पाठवायला सुरुवात केली. औषधपाणी डॉक्टरांचं, बाकी पेशंटला ने-आण करायची, नातेवाइकांच्या मुक्कामाची सोय लावायची, केस गेलेल्या बायकांना टोप मिळवून द्यायचे, घाबरलेल्यांशी बोलत बसायचं, हे काम या संस्थेचं. आणि ते फुकट.

त्या ‘फुकट’पाशीच सगळ्यांचं डोकं अडलं.

गाडी हिप्परग्याहून निघे आणि आळंदला आणखी तीन पेशंट चढत. पहिले दोन दिवस आळंदपर्यंत मात्र गाडीत दोघंच होती, नेत्रावती आणि ड्रायव्हर भीमराज. पुढचा सगळा प्रवास माणसांनी भरलेला होता, पण गावाच्या डोळ्यांत खुपत होता तो हा पहिला, तासाभराचाही नसलेला रस्ता. त्यातून भीमराज आळंदच्या भीमनगरातला. सिद्धव्वाच्या गळ्यात इष्टलिंग होतं, भिंतीवर बसवण्णांची तसबीर होती, आणि बसवण्णांनी जातपात मोडली हे ती चारचौघांत अभिमानाने सांगे. पण भीमराजच्या गाडीतलं पाणी तिने कधी तोंडाला लावलं नाही.

गाडी दारात आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने शेजारी राहणाऱ्या दिराला, जगदेवप्पांना गाठलं होतं.

“भावजी, बाईमाणूस येकलंच जायलंय. ते डायव्हर कोण, कुठलं, काई म्हाईत न्हाई. आन् असला रोग हिलाच कामून झाला? जरा ध्यान ठिवा.”

एवढं बोलूनही तिचं समाधान झालं नाही. तिसऱ्या दिवसापासून ती स्वतःच गाडीत बसू लागली.

तिने सगळं तपासलं. गाडीतला आरसा वर छताकडे वळवलेला होता. त्यातून मागची सीट दिसत नव्हती. हे तिला आणखीच संशयाचं वाटलं. एवढी काळजी घेणारा माणूस काहीतरी लपवत असणार! दवाखान्यात ‘सोबत’च्या प्रियंकाने एका कागदावर नेत्रावतीची सही मागितली, तेव्हा सिद्धव्वाने तो कागद ओढून घेतला.

“सही कशाला? फोटो काढून पेपरात छापायलाव का? का धरम बदलायचं हाय?”

प्रियंका पंचविशीतली होती. ती चिडली नाही. “आजी, गाडीत कोण बसलं याची नोंद असते. तुम्ही आधी कुणाकडूनही वाचून घ्या, मग सही करा.”

सिद्धव्वाने तो कागद बाजूच्या अनोळखी माणसाकडून वाचून घेतला. त्यात खरोखरच तेवढंच होतं. तरी नेत्रावती अंगठा पुढे करू लागली तेव्हा तिने तो उमटवू दिला नाही, सहीच करायला लावली. अंगठ्याचा काय भरवसा!

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. लाईटचा नंबर यायला वेळ होता. प्रियंका एका खोलीत दहा-बारा बायकांना घेऊन बसली होती. काय खावं, थकवा आला तर काय करावं, असं बोलणं चाललं होतं. सिद्धव्वा मध्येच उठून उभी राहिली आणि इतके दिवस पोटात ठेवलेला प्रश्न तिने सगळ्यांसमोर टाकला.

“बाई, मला येक सांग. हा खालचा रोग कसल्या बाईला होतोय?”

नेत्रावतीने पदराचं टोक मुठीत आवळलं. तिच्याच नाही, आणखी दोघी-तिघींच्या माना खाली गेल्या. तो प्रश्न त्यांना आपापल्या घरी विचारून झालेला होता.

प्रियंका म्हणाली, “कुठल्याही बाईला, आजी. एक जंतू असतो. नवरा-बायकोच्या संबंधातून येतो. बहुतेक सगळ्यांनाच कधी ना कधी होतो आणि जातो. एखादीच्या अंगात राहतो आणि वर्षानुवर्षांनी त्याचा कॅन्सर होतो. लग्नानंतर एकाच माणसाबरोबर राहिलेल्या कितीतरी जणी इथं येतात.”

“म्हंजी नवऱ्याकडनं येतंय?”

“येऊ शकतो. पण कधी आला, कुणाकडून आला, हे कुठल्याच तपासणीत कळत नाही. म्हणून आम्ही कुणाला विचारत नाही. बाईलाही नाही, तिच्या नवऱ्यालाही नाही.”

सिद्धव्वा खाली बसली. परतीच्या वाटेवर तिचं ड्रायव्हरकडे लक्ष नव्हतं. हुमनाबादचे ढाबे, रात्रंदिवस रस्त्यावर असलेला आपला लेक, त्याचे सोबती असं काहीबाही तिच्या डोळ्यांसमोर येत राहिलं. इतके दिवस सुनेवर रोखलेला संशय आता लेकाकडे वळला होता आणि तिला तो सहन होत नव्हता. रोग निघाल्यापासून आपण हिला असंच टोचत होतो, हे तिला तेव्हा कळलं.

आळंद मागे पडलं. गाडीत तिघंच उरली. सिद्धव्वाने विचारलं, “अण्णा, तुमी हे काम कामून करायलाव?”

ती त्याला पहिल्यांदाच ‘अण्णा’ म्हणाली होती. भीमराज रस्त्यावरची नजर न काढता बोलला.

“तीस वर्षं सरकारी बस चालवली, अक्का. दवाखान्याच्या फाटकासमोरनंच गाडी जायची, पण तिथं स्टॉप न्हवता. पुढं न्हेऊन उतरवायचं, आन् लोक उन्हात माघारी चालत यायचे. येक म्हातारा रोज म्हणायचा, दोन मिनिटं थांबव की रे. मी थांबवलो न्हाई. नियम व्हता. मग तो यायचाच बंद झाला.” त्याने गिअर बदलला. “आता गाडी फाटकाच्या आत न्हेतो.”

“आन् ते आरसा?”

“मागं कुणी रडतंय, कुणी वकतंय. त्यांना वाटू न्हाई कुणी बघायलंय म्हणून.”

नेत्रावती खिडकीबाहेर बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते कुणी पाहत नव्हतं.

पण गावात पेरलेलं बोलणं तोवर उगवून आलं होतं. जगदेवप्पांनी ध्यान ठेवलं होतं, आणि नागेंद्रला फोनही केला होता. शनिवारी नागेंद्र घरी आला तो तडक ओसरीवर बसला.

“सोमवारपासनं ती गाडी दारात नको. गाव तोंडात श्याण घालायलंय. मी न्हेतो तिला लॉरीतनं.”

“मी संगं जायलोय की रे,” सिद्धव्वा म्हणाली.

“अव्वा, तूच काकाला म्हणालीस न्हवं? डायव्हर कोण, कुठलं म्हाईत न्हाई. असला रोग हिलाच कामून झाला?”

स्वतःचे शब्द लेकाच्या तोंडून ऐकून ती उठून आत चुलीशी गेली. तिचं ते उठून जाणं महागात पडलं.

सोमवारी व्हॅन आली, थांबली, निघून गेली. नागेंद्रला भाडं लागलं आणि तो हैदराबादला गेला. जाताना बजावून गेला, मी आल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. प्रियंकाचे फोन येत. नेत्रावती उचलायची आणि “नवरा येणार हाय, मग येतो” म्हणायची. सातव्या दिवशी तिला पुन्हा रक्त जाऊ लागलं. सिद्धव्वाने तिचे कपडे भिजत घातलेले पाहिले.

आठव्या दिवशी नागेंद्र परतला. जगदेवप्पा ओसरीवर बसलेच होते. नागेंद्र हात धूत म्हणाला, “रोगच सांगायलाय ती कसली बाई हाय. दवाखाना काय करणार?”

सिद्धव्वा स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“नागू, हा रोग नवऱ्याकडनं बी येतोय. दवाखान्यात ऐकून आलोय मी. तुझ्याकडनं आला आसंल. ती तुला कदी इचारली का, तू रस्त्यावर काय करतूस म्हणून?”

नागेंद्रचा चेहरा उतरला. “अव्वा, काय बोलायलीस!”

“झोंबलं न्हवं? येका वाक्यानं झोंबलं. तिनं महिनाभर ऐकलंय. आन् सुरुवात मीच केलो. भावजी, त्या दिवशी मी बोललो ते माझं पाप हाय. आज तुमच्यासमोर ते माघारी घेतो.”

“लोक काय म्हणतील, वैनी?” जगदेवप्पा पुटपुटले.

“लोकास्नी म्हणावं, गाडीत बसा. नागू, तुला शक असंल तर तू बी बस. जागा हाय.”

सिद्धव्वाने त्याच रात्री प्रियंकाला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला व्हॅन आली. दारं उघडली, पाणी मारलं गेलं. सिद्धव्वाने सुनेचा हात धरून तिला गाडीत बसवलं. नागेंद्र दाराशी उभा होता. त्याने अडवलं नाही, पण तो गाडीत बसलाही नाही.

डॉक्टरांनी खंड पडल्याबद्दल काळजी व्यक्त केली. काही लाईट वाढवावे लागले. ते पुढे पूर्ण झाले. पण ते आठ दिवस किती महाग पडले, हे पुढच्या तपासण्याच सांगतील. त्या आठ दिवसांत नेत्रावतीवर कुणी हात उगारला नव्हता. गाव नुसतं बोललं होतं. वाचकहो, आपणही कधी असंच नुसतं बोललो असू.

गाडी पुन्हा सुरू झाली त्याच आठवड्यातल्या रविवारी दुपारी सिद्धव्वा सुनेसाठी गंजी, तांदळाची पातळ पेज, करत होती. मागच्या दाराने जगदेवप्पांची बायको शरणव्वा आत आली. बसली नाही. चुलीकडे बघत हळूच म्हणाली, “अक्का, मला बी लई दिवसापासनं अंगावरनं जायलंय. पाळी जाऊन सात वर्षं झाली. कुणाला सांगितलं न्हाई. काय इचारतील, म्हणून भ्या वाटायचं.”

सिद्धव्वाने तिला काहीही विचारलं नाही.

“आधी तपासून घेऊ. काई नसंल बी. उद्या गाडीत माझ्याजवळ बस.”

“आन् घरात काय सांगू?”

सिद्धव्वाने गंजीचं भांडं उतरवून ठेवलं, हात पुसले आणि पायांत चपला घातल्या.

“तू इथंच थांब नेत्राजवळ. भावजीस्नी मी सांगून येतो.”